झाकलं जाण्याआधी बघून घ्या: पहिल्यांदा घर बांधणाऱ्यांसाठी

राहायला येऊन तीन महिने झाले होते. स्वयंपाकघरात मांडणी बसवायला सुतार आला. ड्रिल भिंतीत दोन इंच गेलं आणि पाण्याची चिळकांडी थेट त्याच्या तोंडावर उडाली. पाइप नेमका कुठून गेलाय हे मला सांगता आलं नाही, प्लंबरलाही आठवलं नाही. नवी टाइल फोडली, पाइप जोडला, आणि त्या टाइलच्या रंगाची दुसरी टाइल लातूरच्या एकाही दुकानात मिळाली नाही. ती वेगळी टाइल आजही सिंकच्या वर उठून दिसते.

मी शिक्षक आहे, इंजिनिअर नाही. लातूर शहराच्या कडेला ३० बाय ४०च्या प्लॉटवर खाली-वर असं दोन मजली घर बांधलं. कागदांपासून वास्तुशांतीपर्यंत दीड वर्ष गेलं. त्या काळात रंग, टाइल, दरवाजाचं डिझाइन यावर घरात जेवढी भांडणं झाली, त्याच्या निम्मीही पायावर झाली नाहीत. खरं तर उलटं व्हायला हवं होतं. रंग पाच वर्षांनी बदलतो. पाया, लोखंड, भिंतीतले पाइप आणि प्लॉटच्या कागदातला जुना बोजा हे एकदा झाकलं गेलं की पुन्हा उघडायला घर फोडावं लागतं, नाहीतर कोर्टात जावं लागतं. म्हणून खालच्या पायऱ्यांत जे झाकलं जाणार आहे त्यावर जास्त लिहिलंय.

१. प्लॉटचे कागद

इसार देण्याआधी एवढं हातात हवं:

- अलीकडचा सातबारा (महाभूमीच्या संकेतस्थळावर डिजिटल सहीचा १५ रुपयांत मिळतो); सिटी सर्व्हे झालेल्या भागात मालमत्ता पत्रक
- सातबाऱ्यावर ज्यांचे नंबर आहेत ते फेरफार
- अकृषिक आदेश, म्हणजे आपण ज्याला एनए म्हणतो तो
- मंजूर ले-आउटची सही-शिक्क्याची प्रत
- आधीच्या खरेदीखतांच्या प्रती आणि सूची क्रमांक २ (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा)
- वकिलाचा तीस वर्षांचा शोध अहवाल

सातबाऱ्यावर लोक मालकाचं नाव बघतात आणि घडी घालतात. तुम्ही 'इतर हक्क'चा रकाना आधी वाचा. सोसायटीचं कर्ज, बहिणींचे हक्क, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे असतं. दुसरी नजर भूधारणा पद्धतीवर टाका. भोगवटादार वर्ग २ असेल तर ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, विकणारा कितीही शपथा घेऊ दे.

सगळ्यात मोठा सापळा 'एक गुंठा, फक्त एवढ्या लाखात' या पाटीचा. एक गुंठा म्हणजे ३३ बाय ३३, १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे पाडून ले-आउट मंजूर न करताच विकलेले प्लॉट म्हणजे गुंठेवारी. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ सालचा आहे आणि २०२१च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२०पर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवली. एजंट हेच सांगून प्लॉट खपवतो, 'होऊन जाईल नियमित'. होईलही, पण आरक्षणात किंवा रस्त्याच्या रेषेत जाणारा प्लॉट होणार नाही. तोवर बँक कर्ज देताना हात आखडता घेते ते वेगळंच. नियमितीकरणाचा आदेश ज्याच्या हातात आहे त्याच्याकडूनच घ्या, 'फाइल आत आहे' म्हणणाऱ्याकडून नको.

२. मोजणी

खरेदीखत झाल्यावर लगेच भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करा. तो आता ऑनलाइन होतो. मोजणीनंतर मिळणारा नकाशा, ज्याला सगळे 'क प्रत' म्हणतात, तो जपून ठेवा. मोजणीच्या दिवशी शेजारच्या प्लॉटवाल्यांना नोटीस जाते. नोटीस गेली असली तरी तुम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन सांगून या. आमच्या पूर्वेच्या शेजाऱ्याचं कंपाउंड नऊ इंच आमच्यात निघालं. मोजणी अधिकाऱ्यासमोर निघालं म्हणून त्यांनीही मान्य केलं. मी स्वतः टेप लावून सांगितलं असतं तर अजून बोलणं बंद असतं.

चारी कोपऱ्यांवर लाकडी खुंट्या ठोकून भागत नाही. दगड पुरून घ्या, शक्य तर काँक्रीटमध्ये. खुंट्या पोरं उपटतात, जेसीबी उडवतो.

३. नकाशा

दोन वेगळी माणसं लागतात, हे मला उशिरा कळलं. आर्किटेक्ट खोल्या, हवा-उजेड आणि परवानगीचा नकाशा बघतो. कॉलम किती जाडीचा, त्यात किती सळ्या, पाया किती खोल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. त्याच्या नकाशाला साइटवर 'आरसीसी ड्रॉइंग' म्हणतात. 'कशाला खर्च करता, मी पंचवीस वर्षं घरं बांधतोय' असं मिस्त्री म्हणेल. त्याला नमस्कार करा आणि ड्रॉइंग घ्या. घराच्या एकूण खर्चात ही फी किरकोळ असते.

कागदावर १० बाय ११ची खोली मोठी वाटते. आम्ही रिकाम्या प्लॉटवर फक्कीने सगळं घर खऱ्या मापात आखलं, त्यात घरातला पलंग नेऊन ठेवला. बायको म्हणाली, कपाटाचं दार उघडल्यावर मी जाऊ कुठून? एक भिंत तिथल्या तिथे सरकली. चुन्याची भिंत सरकवायला पैसे पडत नाहीत.

आणखी दोन गोष्टी. जिन्याची पायरी सात इंचांपेक्षा उंच आणि दहा इंचांपेक्षा अरुंद नको, घरात म्हातारी माणसं असतील तर सहा इंचच. जोत्याची उंची ठरवताना समोरचा रस्ता आज किती खाली आहे यावर जाऊ नका. दर निवडणुकीला त्यावर एक थर चढतो. आमच्या गल्लीत वीस वर्षांपूर्वीची घरं आता दोन पायऱ्या उतरून आत जायची झाली आहेत आणि पावसाचं पाणीही त्याच पायऱ्या उतरतं. तयार रस्त्यापासून दोन फूट तरी जोतं वर घ्या.

४. परवानगी

मुंबई आणि काही भाग सोडून राज्यात डिसेंबर २०२०पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटसाठी तिच्यात पद्धत बरीच सोपी केली आहे. अर्ज आर्किटेक्टमार्फत जातो, तुम्हाला लागतात ते मालकीचे कागद, मोजणी नकाशा, ले-आउट आणि कराच्या पावत्या. विकास शुल्काबरोबर एक टक्का कामगार कल्याण उपकरही भरावा लागू शकतो. भरला तर त्याची पावती हरवू नका.

लोक विसरतात ते दोन टप्पे म्हणजे जोत्यापर्यंत काम आल्यावरचा जोते तपासणी दाखला आणि शेवटचं भोगवटा प्रमाणपत्र. जोत्याचा दाखला वेळेवर घेतला नाही तर भोगवट्याच्या वेळी अडतं. आणि सामासिक अंतर, म्हणजे प्लॉटच्या हद्दीपासून सोडायची मोकळी जागा, त्यात 'थोडी बाल्कनी काढू' हा मोह टाळा. शेजाऱ्याने काढली आहे म्हणून ती कायदेशीर होत नाही.

५. पैसे

ठेकेदार दर चौरस फुटाला सांगतो. त्या दरात काय नाही हे विचारा. आमच्या यादीत नंतर निघालेल्या गोष्टी अशा: बोअर, पाण्याचा हौद, सेप्टिक टँक, कंपाउंड, गेट, मीटरचं डिपॉझिट, जिन्यावरचं छप्पर, पंखे-दिवे, खिडक्यांच्या जाळ्या, भरावाचा मुरूम. मुरुमाच्या फक्त ट्रिपाच मोजल्या तरी डोळे पांढरे होतात.

ढोबळ आडाखा म्हणून दर चौरस फुटाला सिमेंट ०.४ पोतं आणि लोखंड साडेतीन ते चार किलो धरतात. इस्टिमेटमध्ये याच्या दीडपट दिसलं तर कारण विचारा, निम्मं दिसलं तर पळा. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झालाय. त्याआधीचं इस्टिमेट घेऊन बसला असाल तर नव्याने मागा.

बँक बांधकाम कर्ज एकदम देत नाही. जोतं, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर असे टप्पे बघून देते. काम आधी होतं, बँकेचा इंजिनिअर नंतर येतो, पैसे त्याच्याही नंतर. म्हणजे प्रत्येक टप्प्याला स्वतःचे पैसे आधी घालावे लागतात. एका स्लॅबचा खर्च निघेल एवढी रक्कम कायम खात्यात ठेवा. आम्ही ती ठेवली नाही, आणि पहिल्या स्लॅबच्या आधी सेंटरिंगच्या (स्लॅबखालच्या साच्याच्या) पाट्या एकवीस दिवस नुसत्या उभ्या राहिल्या. भाडं चालूच.

६. ठेकेदाराशी करार

लेबर रेटने (फक्त मजुरीवर) द्यायचं की मटेरिअलसह, हा पहिला प्रश्न. रोज दोनदा साइटवर जाऊ शकत असाल तर लेबर रेट परवडतो, माल तुमच्या हातात राहतो. परगावी नोकरी असेल तर मटेरिअलसह द्या, पण सिमेंट, लोखंड, वायर, पाइप यांचे ब्रँड आणि प्रकार करारात लिहा. 'चांगल्या कंपनीचं' हा शब्द करारात काहीच सांगत नाही.

करार मुद्रांकावर करा (ऑक्टोबर २०२४पासून त्यासाठी किमान ५०० रुपयांचा लागतो). त्यात हे स्पष्ट हवं: चौरस फूट मोजायचे कसे, जिना, बाल्कनी, छज्जा धरायचे का, अर्धे धरायचे का, हप्ते कोणत्या टप्प्याला किती, पाणी आणि वीज कुणाची, काम मोडून पुन्हा करायची वेळ आली तर खर्च कुणाचा. हप्ता नेहमी काम झाल्यावर. 'गावाकडं लग्न आहे, थोडे पुढचे द्या' म्हणून दिलेल्या उचलीमुळे मिस्त्री दुसऱ्या साइटवर गेल्याची गोष्ट तुमच्या ओळखीतही सापडेल. आणि शेवटचे पाच टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचे, हेही लिहून घ्या. मिस्त्री कुरकुर करेल. तरी लिहा.

७. पाणी आणि मुहूर्त

एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. ज्यांनी त्या वर्षी बांधकाम काढलं होतं त्यांना विचारा. बांधकाम हे सिमेंटइतकंच पाण्याचं काम आहे. आमच्याकडे शहाणपणाचं वेळापत्रक असं: पावसाळ्यात कागद आणि परवानगी, दसरा-दिवाळीला पाया, संक्रांतीच्या आसपास पहिला स्लॅब, उन्हाच्या आत वीटकाम. एप्रिल-मेमध्ये प्लास्टर काढलंत तर सकाळी मारलेलं पाणी दहा वाजता उडालेलं असतं.

बोअर आधी घ्या, म्हणजे बांधकामालाही पाणी मिळतं. पाणी खारं असेल तर तपासून घ्या, खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं. साधा नियम सांगतात की पिण्यालायक पाणी काँक्रीटला चालतं.

महावितरणचं तात्पुरतं कनेक्शनही याच वेळी घ्या. शेजारच्या घरातून वायर ओढून मिक्सर चालवण्यात जीव जातात.

८. पाया

इथे घाई करू नका.

मराठवाड्यातली आमची जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर टेकवलेलं घर दर वर्षी वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा गेलेली घरं दिसतात, त्यातली बरीच यामुळे. म्हणून खड्डा किती फूट, याचं उत्तर 'पाच फूट' असं नसतं. काळी माती संपून पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत, हे उत्तर. आमच्या एकाच प्लॉटवर पश्चिमेला साडेचार फुटांवर मुरूम लागला आणि पूर्वेच्या कोपऱ्यात साडेसात फुटांवर. मिस्त्री म्हणाला, सगळे पाचावर थांबवू. इंजिनिअरला फोन केला, तो येऊन खड्ड्यात उतरला, पहारीचा एक घाव घातला आणि म्हणाला, 'अजून खाली.' काळी माती फारच खोल असेल तर पाइल (जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब) घ्यावे लागतात. ते इंजिनिअरवर सोडा.

लाइन-आउटच्या (पायाच्या आखणीच्या) दिवशी काटकोन स्वतः तपासा. कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फूट, दुसऱ्यावर चार फूट खूण करा, दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट यायला हवं. मग आखलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही सारखे भरले पाहिजेत. दहा मिनिटांचं काम आहे. पुढे तिरक्या खोलीत टाइल कापत बसण्यापेक्षा बरं.

खड्ड्यात आधी पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचं काँक्रीट, त्यावर सळ्यांची जाळी. जाळी मातीला टेकता कामा नये. फुटिंगला (कॉलमखालच्या पसरट पायाला) खालून ५० मिलिमीटर कव्हर लागतं, म्हणजे लोखंड आणि काँक्रीटची बाहेरची बाजू यांत तेवढं अंतर. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक मिळतात. विटेचा तुकडा किंवा खडी ठेवू देऊ नका.

जोत्याच्या आत भराव मुरुमाचाच. खड्ड्यातून निघालेली काळी माती 'वाया कशाला घालवायची' म्हणून आत ढकलतात आणि दोन पावसाळ्यांनी फरशी खचते. मुरूमही एकदम ओतायचा नाही. नऊ-नऊ इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी, मग धुमस. भरावाआधी वाळवीचं औषध मारून घ्या, नंतर ती संधी नाही.

प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढा, शेजारी टेप उभा धरून. आमच्या वहीत बारा कॉलमची बारा पानं आहेत.

९. लोखंड

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपेत सगळं अंगावर आलं. आमच्या भागात घर बांधताना घरातलं म्हातारं माणूस 'लोखंड कमी करू नको' म्हणतं, ते उगाच नाही. पण नुसतं लोखंड वाढवून भागत नाही. ते बांधायचं कसं यातही बरंच आहे.

कॉलमच्या उभ्या सळ्यांना आवळून धरणाऱ्या चौकोनी कड्यांना साइटवर रिंगा म्हणतात. रिंगेची दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथे ती सळईभोवती आत, कॉलमच्या पोटात वळवायला हवीत, १३५ अंशात. फिटर घाईत ती ९० अंशात वाकवतो, पटकन होतं म्हणून. भूकंपात वरचं काँक्रीट सुटलं की ९० अंशाची रिंग उघडते आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. आत वळलेलं टोक काँक्रीटच्या गाभ्यात अडकून राहतं.

माझ्या साइटवर चाळीसेक रिंगा ९०च्या वाकवून झाल्या होत्या. मी म्हटलं, मामा, ही टोकं आत घ्या. मिस्त्री हसला, "गुरुजी, एवढं कोण बघतंय? सिमेंटात तर जाणार आहे सगळं."

म्हणूनच बघत होतो. एक दिवसाची मजुरी मी वेगळी दिली, पण सगळ्या रिंगा पुन्हा वाकवून घेतल्या. बीमजवळ, कॉलमच्या वर-खालच्या टोकांना रिंगा जवळजवळ हव्यात, मध्ये थोड्या लांब चालतात. किती अंतर, ते ड्रॉइंगवर असतं. टेप लावून मोजा.

वजन तपासायची युक्ती: सळईच्या जाडीचा वर्ग (मिलिमीटरमध्ये) भागिले १६२, उत्तर एका मीटरचं किलोत वजन. १२ मिलिमीटरची सळई: १४४ भागिले १६२, म्हणजे मीटरला सुमारे ०.८९ किलो. बारा मीटरची पूर्ण सळई साधारण १०.७ किलो भरायला हवी. थोडाफार फरक चालतो, एक किलोचा नाही. वजनकाट्यावर गाडीबरोबर स्वतः जा.

कॉलमला कव्हर ४० मिलिमीटर, बीमला २५, स्लॅबला २०. कव्हर कमी पडलं की लोखंड गंजून फुगतं आणि पंधरा वर्षांनी छताचे पापुद्रे पडू लागतात.

१०. स्लॅबचा दिवस

या दिवशी रजा टाका. शाळेत मी पहिल्यांदा किरकोळ रजेचं खरं कारण लिहिलं ते या दिवशी.

आदल्या संध्याकाळी बघायचं: सेंटरिंगचे टेकू घट्ट आहेत का, खाली माती ओली-भुसभुशीत तर नाही, पाट्यांच्या फटी बुजवल्या आहेत का, विजेचे पाइप, पंख्याचे हुक, बाथरूमच्या पाइपची भोकं जागेवर आहेत का, वरच्या जाळीखाली खुर्च्या (वाकवलेल्या सळईचे टेकू) लावल्यात का, नाहीतर मजूर चालून ती खाली दाबतात. सोलरसाठी गच्चीवरून मीटरपर्यंत एक मोकळा पाइप आत्ताच टाकून ठेवा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आज नाही तरी उद्या तुम्ही ते बसवालच. इंजिनिअरने येऊन लोखंड पास केल्याशिवाय काँक्रीटचा गाडा सुरू करू देऊ नका.

मालाचा हिशेब. आमचा स्लॅब ७५० चौरस फूट, पाच इंची. म्हणजे सव्वातीनशे घनफुटांच्या आत, तीन ब्रासहून थोडं जास्त काँक्रीट (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). त्याला साधारण ७० पोती सिमेंट, बीमचं वेगळं. संध्याकाळी रिकामी पोती मोजा. पोत्यावरचा आठवडा-वर्षाचा छापही आधीच वाचा, तीन महिन्यांहून जुनं घेऊ नका.

आता खरी भानगड पाण्याची. पातळ माल पटकन पसरतो, मजुरांचं काम हलकं होतं, म्हणून मिक्सरवाला पाणी वाढवतो. एम-२० (घराला नेहमी वापरतात त्या ताकदीच्या) काँक्रीटला ५० किलोच्या एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा जास्त पाणी नको, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. आम्ही मिक्सरजवळ खूण केलेली बादली ठेवली आणि पुतण्याला तिथेच बसवलं. दुपारी जेवणानंतर पाइप थेट मिक्सरमध्ये गेला होता. पुतण्या मोबाइलवर. तेव्हा विश्वासाचं माणूस बसवा आणि त्याचा मोबाइल काढून घ्या.

व्हायब्रेटर (काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं यंत्र) एक चालू आणि एक राखीव. १५ सेंटिमीटरचे सहा क्यूब (काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे) भरून घ्या, जवळच्या तंत्रनिकेतनाच्या किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत सात आणि अठ्ठावीस दिवसांनी तपासा. क्यूब भरताना मिस्त्री चांगला माल निवडून भरतो, म्हणून तुम्ही सांगाल त्या गाड्यातून भरायला लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटची आळी करून स्लॅबवर पाणी साठवा. सात दिवस कमीत कमी, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा. मी चौदा ठेवलं. कॉलमला गोणपाट गुंडाळून ओलं ठेवा, लोक स्लॅबला पाणी मारतात आणि कॉलम कोरडे सोडतात. टेकू काढायची घाई सेंटरिंगवाल्याला असते, त्याचा माल दुसरीकडे लागायचा असतो. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याहून मोठ्याचे चौदा, सहा मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा, ही किमान मुदत. इंजिनिअर जास्त सांगेल तर जास्त.

११. भिंती, नळ, वायरिंग

वीट एक मीटरवरून सोडून बघा, फुटता कामा नये. दोन विटा आपटल्या की खणखणीत आवाज हवा. लाल विटा लावण्याआधी भिजवलेल्या हव्यात. कॉलम आणि वीट जिथे भेटतात तिथे प्लास्टरआधी कोंबडी जाळी मारून घ्या, नाहीतर तिथे उभी चीर पडणारच.

वायर दिव्यांना १.५, प्लगना २.५, गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटर. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग, यात काटकसर नको. प्लंबिंग झाल्यावर टाइल लावण्याआधी पाइपात दाब भरून एक रात्र ठेवा, सकाळी काटा उतरलेला नको. बाथरूमच्या खड्ड्यात वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी साठवून खालच्या छतावर नजर ठेवा.

आणि भिंती बुजण्याआधीचे ते फोटो. प्रत्येक खोलीत चारही भिंतींचे, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप लावून. फोनमध्येच ठेवू नका, फोन बदलतो. छापून फाइलला लावा. वरच्या मजल्याचे आमच्याकडे आहेत. खालच्याचे नाहीत. ती वेगळी टाइल खालच्याच मजल्यावर आहे.

१२. गच्ची आणि शेवटचे पैसे

गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा, ढाळ शंभरला एक तरी, पाणी जाळीकडेच वाहतंय ना हे बादली ओतून बघा. पॅरापेट (गच्चीचा कठडा) आणि स्लॅबच्या कोनात सिमेंटची गोलाई, म्हणजे वाटा, काढून घ्या, गळती बहुधा तिथून सुरू होते.

राहायला जाण्याआधी भोगवटा प्रमाणपत्र, त्यावर घरपट्टीची नोंद आणि नळजोडणी, मग महावितरणचं तात्पुरतं कनेक्शन बंद करून घरगुती मीटर. हे शेवटचं राहून गेलं तर बांधकामाच्या दराने बिल येत राहतं. प्रत्येक टाइलची एक पेटी जादा घेऊन माळ्यावर टाका.

आमची वास्तुशांत मे महिन्यात झाली. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस झड लागली आणि जिन्यावरच्या छताला ताटाएवढा ओला डाग आला. मिस्त्रीला फोन केला. एरवी तीन-तीन दिवस न उचलणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी सिमेंटचं पोतं घेऊन दारात उभा. त्याचे पाच टक्के अजून माझ्याकडे होते.